परीक्षेला नसलेलं पान

मी प्रश्नोत्तरी बोलतेय. कॅथलिक मुलांना धर्म शिकवायची, मळक्या निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. आजवर मी विचारलं तरच बोलले आणि ठरलेलंच बोलले. आज कोणी विचारलेलं नाही, तरी बोलणार आहे. थोरामोठ्यांना राग येईल. येऊ द्या. त्यांचा राग मी पोरांच्या तळहातांवर वळ होऊन उठलेला पाहिलाय, त्याचं मला नवल राहिलेलं नाही.

माझी रचना सोपी आहे. वर प्रश्न, खाली उत्तर. देव कोण आहे? पाप म्हणजे काय? मेल्यावर आपलं काय होतं? ज्या प्रश्नांपायी मोठमोठ्या पंडितांच्या दाढ्या पिकल्या, ते मी नाक पुसत बसलेल्या पोरांना दोन ओळींत सांगते. हसू नका. दोन ओळींत सांगायला दोनशे पानांपेक्षा जास्त अक्कल लागते. मला लिहिणारा म्हातारा धर्मगुरू एकेका उत्तराशी झटायचा, लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. त्याने माझ्यात एकही ओळ उगाच घातलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझा जन्म चर्चच्या मागच्या छापखान्यात झाला. तेव्हा अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवत. माझ्यावर काम सुरू झालं आणि जुळाऱ्याने कपाळाला हात लावला.

"फादर, प्रश्नचिन्हं संपली! हे पुस्तक आहे का पोलीस चौकी?"

"शेजारच्या छापखान्यातून उसनी आणा," फादर म्हणाले.

"आणतो. पण आपल्याकडे पूर्णविराम बघा की, ढीग लागलाय नुसता."

त्याने थट्टाच केली होती. पण पुढे जी माणसं मला शिकवायला आली, त्यांच्याकडे तेच होतं. पूर्णविरामांचा ढीग.

माझी पहिली मालकीण दोन वेण्यांची, खाली मान घालून चालणारी मुलगी होती. तिने माझ्यावर वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि मला उराशी धरून धर्मशिक्षणाच्या वर्गात नेलं. तो वर्ग म्हणजे चर्चला लागून असलेली लांबट खोली. बाकं, एक फळा, आणि छडीबाई.

छडीबाईंना खरं नाव असणार, पण ते त्यांच्या छडीच्या पुढे कधी आलंच नाही. तेव्हा त्या तरुण होत्या. आवाज गोड होता. स्तोत्र म्हणायला लागल्या की बाहेरचे लोक थांबून ऐकत. आणि धर्म शिकवायची त्यांची स्वतःची पद्धत होती.

वर्षातून एकदा बिशप यायचे. परीक्षा घ्यायचे आणि मग दृढीकरण द्यायचे. दृढीकरण म्हणजे काय, तेही सांगते. बाप्तिस्मा होतो तेव्हा मूल तान्हं असतं, त्याच्या वतीने आईबाप 'हो' म्हणतात. मूल कळतं झालं की त्याने स्वतःच्या तोंडाने 'हो' म्हणायचं, बिशपनी कपाळाला तेल लावायचं, ते दृढीकरण. स्वतःच्या तोंडाने! माझ्या पानावर तसंच छापलंय.

छडीबाईंनी यावर तोड काढली होती. त्या मुलांना एका रांगेत उभं करायच्या आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून द्यायच्या. तू देवाचा, तू देवदूतांचा, तू सैतानाचा. बिशप माझं पान समोर धरून बोटाने एकेक प्रश्न विचारत जायचे आणि पोपट एकेक उत्तर देत जायचे. सगळं कसं घड्याळासारखं. लोक म्हणायचे, वा, मुलांना काय धर्म येतो! धर्म रांगेला यायचा. मुलांपैकी एकालाही येत नसे.

आणि रांगेत जे बसत नाही, त्याच्यावर बाईंनी पेन्सिलीने फुली मारून शेजारी लिहायला लावलेलं असायचं, 'सोडा'.

माझ्या चौथ्या आज्ञेच्या पानावर अशी एक फुली आहे. चौथी आज्ञा तुम्हाला माहीत असेल. आपल्या आईवडिलांचा मान राख. ती सगळ्यांना शिकवतात, झोपेत उठवलं तरी मुलं म्हणतात. पण ते पान उलटल्यावर, अगदी त्याच आज्ञेखाली, आणखी एक प्रश्न आहे.

'या आज्ञेने आईवडिलांवर कोणते कर्तव्य येते?'

'त्यांनी एकमेकांना व मुलांना मायेने वागवावे. जो आपल्या घरातील दुर्बळावर हात उगारतो व घरात भीती पेरतो, तो याच आज्ञेविरुद्ध पाप करतो.'

दोन वेण्यांच्या मुलीने बाईंनी सांगितलं तशी फुली मारली. 'सोडा' असं सुबक अक्षरात लिहिलं. आणि ते पान तिने खरंच सोडलं.

ती मोठी झाली, तिचं लग्न झालं. कपड्यांच्या तळाशी घालून तिने मला नवऱ्याच्या घरी नेलं.

नवरा सुतार होता. हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू. चर्चमधली मोडकी बाकं त्याने फुकट दुरुस्त केली. वेदीसमोरचं वाचनाचं मेज त्याने घडवलं. दर रविवारी कोट घालून तो दाराशी उभा राहायचा, म्हाताऱ्यांना हात धरून जागेवर नेऊन बसवायचा. कमी बोलणं, खाली नजर, हातात रंधा. लोकांना येशूचा सुतार बापच आठवायचा. "आमचा योसेफ," असंच म्हणायचे त्याला. "असा नवरा मिळायला नशीब लागतं," छडीबाई म्हणायच्या.

बाकाला पॉलिश करताना तो असा हात फिरवायचा की लाकूडसुद्धा सुखावावं. तोच हात रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, बायकोवर पडायचा. भाजीत मीठ जास्त, मीठ कमी, मिठाचं नुसतं निमित्त. मी पेटीत होते, मला दिसायचं नाही. ऐकू यायचं. तो ओरडत नसे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून! आणि ती मार खाताना तोंडातल्या तोंडात माझी उत्तरं म्हणायची. लहानपणी पाठ केलेली, एकामागून एक. फुली मारलेलं मात्र तिला येत नव्हतं. ते तिने वाचलंच नव्हतं ना.

शेजाऱ्यांना कळत नव्हतं का? भिंत एका विटेची होती. मोठ्या माणसांना सगळं ऐकू जातं. त्यांना फक्त प्रश्न ऐकू जात नाहीत.

तिला मुलगी झाली. ही आईच्या अगदी उलट. बोलायला लागली ती 'का' पासूनच. दिवा का लावायचा? गुडघे का टेकायचे? मावशी आपल्याकडे का येत नाही? वर्गातल्या मुलांनी तिचं नाव पाडलं कावळी. सारखी का-का करते म्हणून. तिला राग आला नाही. "कावळा निदान स्वतःच्या आवाजात तरी ओरडतो," ती म्हणाली, "तुम्ही पोपट."

तोवर मला वर्गातून काढलं होतं. नवीन पुस्तकं आली होती, गुळगुळीत, रंगीत. त्यांत प्रश्न नव्हते, चित्रं होती. इंद्रधनुष्य, कोकरू, हात धरून हसणारं कुटुंब. खाली लिहिलेलं, 'रंग भरा.' कावळीने आईला रंगवलं, मुलीला रंगवलं, घराला रंगवलं. बापाचे हात तिने कोरेच ठेवले. छडीबाईंनी शेरा मारला, 'काम अपूर्ण.'

पण बिशप जुने होते. ते परीक्षा माझ्यावरच घेत. म्हणून तिच्या दृढीकरणाचं वर्ष आलं तशी आईने मला पेटीतून काढलं आणि पुसून तिच्या हातात दिलं. त्या मुलीने मला पाठ केलं नाही. तिने मला वाचलं. वाचता वाचता ती फुलीपाशी आली.

"आई, हे 'सोडा' कोणी लिहिलंय?"

"मीच. लहान होते तेव्हा."

"का?"

"बाईंनी सांगितलं. परीक्षेला नसतं ते."

"काय लिहिलंय ते तरी वाचलंस का?"

आई भांडी घासत होती. तिने मान हलवली. कावळीने मला उघडं धरून दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. नळ तसाच वाहत राहिला. आईने ओल्या हाताने ओठाच्या कोपऱ्याला हात लावला, जिथे अजून सूज होती, आणि म्हणाली, "बंद कर ते. येतील इतक्यात."

मुलगी गप्प बसणाऱ्यातली नव्हती. पुढच्या वर्गात तिने हात वर केला.

"बाई, चौथ्या आज्ञेचा दुसरा प्रश्न कोणाच्या वाट्याला आलाय?"

"कोणाच्याच नाही. परीक्षेला नाही तो."

"पण पुस्तकात आहे."

"पुस्तकात बरंच काही असतं. जास्त शहाणपणा नको."

"बाप मारत असेल तर तो आज्ञा मोडतो ना, बाई?"

छडीबाईंनी छडी उचलली नाही, खाली ठेवली. ते जास्त वाईट होतं. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर आणायच्या नसतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझे वडील देवमाणूस आहेत. आणि ऐक, यंदा तू रांगेत शेवटी. तुला एकच प्रश्न. आमेन म्हणजे काय? उत्तर, असे होवो. त्यापुढे एक शब्द बोललीस तर तुझं दृढीकरण नाही. कळलं?"

ती तिथून आताच्या फादरांकडे गेली. मला काखेत घेऊनच. फादर मिस्साचे, म्हणजे उपासनेच्या वेळचे, कपडे घडी करत होते. त्यांनी ते पान वाचलं. पूर्ण वाचलं, मी साक्षीदार आहे. मग मला मिटून तिच्या हातात दिलं.

"बाळ, वडिलांसाठी प्रार्थना कर."

"रोज करते, फादर. तुम्ही त्यांच्याशी बोलाल का?"

"बघू. दृढीकरण होऊन जाऊ दे. वेदीचं नवं काम त्यांच्याकडेच आहे."

हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. एवढंच झालं.

आता दृढीकरण का महत्त्वाचं होतं, ते सांगते. त्या दिवशी मुलामागे एक धर्ममाता उभी राहते, खांद्यावर हात ठेवून. कावळीने मावशीचं नाव दिलं होतं. ही आईची मोठी बहीण. तिने एकदा सुताराला तोंडावर विचारलं होतं, "हात कशासाठी दिलेत देवाने?" तेव्हापासून तिला घराचं दार बंद. पण चर्चमध्ये, बिशपांसमोर, सुतार तिला अडवू शकत नव्हता. मायलेकींनी वर्षभर त्या एका रविवारची वाट पाहिली होती. दृढीकरण झालं की मावशी समारंभाच्या निमित्ताने दोघींना आपल्याकडे नेणार, आणि मग बघू, असं ठरलं होतं. म्हणजे कावळीने फक्त गप्प राहायचं होतं. 'असे होवो' एवढं म्हणायचं, की सुटलो.

"म्हणशील ना?" आईने सकाळी तिची वेणी घालताना विचारलं.

"म्हणेन."

तिने म्हटलंही असतं. पण त्या दिवशी भोपळ्याला गालगुंड झालं.

भोपळा म्हणजे रांगेतला देवदूतवाला. तो आलाच नाही. रांगेत मधेच दात पडल्यासारखी फट दिसायला लागली. छडीबाईंना फट कशी चालेल? बिशप आत येत होते, बाईंनी घाईघाईने खुणावलं, सरका, सरका. सगळी रांग एकेक जागा पुढे सरकली. जागा सरकली, उत्तरं तीच राहिली.

बिशपनी माझ्या एका जुळ्या बहिणीवर बोट ठेवून सुरुवात केली. देवापर्यंत सगळं ठीक होतं.

"देवदूत कोण आहेत?"

चष्मेवाला पोरगा छाती काढून म्हणाला, "ते देवाविरुद्ध उठलेले गर्विष्ठ आत्मे आहेत."

बिशपांनी भुवई उचलली. पुढे गेले. "सैतान कोण आहेत?"

"ते आपले पहिले आईबाप आहेत!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. एका आजोबांना ठसका लागला. छडीबाई फळ्यासारख्या काळ्या पडल्या.

"बरं. आपले पहिले आईबाप कोण?"

"तो मूळ पापाचा डाग, आपल्याला जन्मतःच लागतो."

आता चर्च हसत होतं, बिशप हसत नव्हते. ते म्हातारे होते आणि हट्टी होते. त्यांनी रांग सोडली नाही. एकेका चुकीच्या उत्तरावरून पुढे जात जात ते शेवटी आले. शेवटचा प्रश्न आमेनचा, आणि त्याच्या आधी नेहमी चौथी आज्ञा असायची, कारण आईबाप समोर बसलेले असतात, त्यांना ऐकायला गोड वाटतं. आज त्या जागेवर कावळी उभी होती. तिच्या हातात मी. खांद्यावर मावशीचा हात.

"चौथी आज्ञा काय सांगते?"

छडीबाई खांबामागून ओठ हलवत होत्या. असे होवो. असे होवो. चुकीचं म्हण, पण तेवढंच म्हण.

मुलीच्या अंगठ्याचा घाम माझ्या पुठ्ठ्याला लागला. ती आईकडे बघत होती. आई मागच्या बाकावर, डोक्यावरची ओढणी ओठापर्यंत ओढून.

"आपल्या आईवडिलांचा मान राख," कावळी म्हणाली.

देवाच्या प्रश्नानंतरचं पहिलं बरोबर उत्तर. बिशप खुलले. "शाब्बास. आणि..."

"आणि या आज्ञेने आईवडिलांवर कोणतं कर्तव्य येतं?" तिनेच विचारलं. "त्यांनी एकमेकांना व मुलांना मायेने वागवावे. जो आपल्या घरातील दुर्बळावर..."

"पुरे!" छडीबाई पुढे आल्या. "आमेन म्हण आणि खाली बस."

"आमेन शेवटी असतं, बाई. माझं संपलेलं नाही." आणि तिने उरलेलं उत्तर म्हटलं. हात उगारतो. भीती पेरतो. पाप करतो. शब्द न् शब्द.

तिने कोणाचं नाव घेतलं नाही. बापाकडे बघितलंही नाही. पण अख्ख्या चर्चच्या माना वळल्या. दाराशी कोट घालून उभ्या असलेल्या सुताराकडे. सगळ्या. शेजाऱ्यांच्या, आजोबांच्या, फादरांच्या, स्वतः छडीबाईंच्या. कोणीही एकमेकांना विचारलं नाही, ही कोणाबद्दल बोलतेय म्हणून. बिशप तेवढे गोंधळून इकडे तिकडे बघत होते, कारण ते बाहेरून आले होते.

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना, सगळं, पहिल्यापासून. एवढं खरं उत्तर त्या रांगेने कधी दिलं नव्हतं, जेवढं त्या मानांनी दिलं.

बिशपनी घसा साफ केला. मोठी माणसं अशा वेळी घसाच साफ करतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"परत म्हण, बाळ. मागे नीट ऐकू आलं नाही."

आई उभी होती. ओढणी खांद्यावर पडली होती. फुटलेला ओठ सगळ्यांना दिसत होता.

कावळीने परत म्हटलं. अजून मोठ्याने.

बिशपनी सगळ्यांच्या कपाळाला तेल लावलं. जो सैतानांना आईबाप म्हणाला त्यालाही. कावळीपाशी आले तेव्हा छडीबाई म्हणाल्या, "हिची तयारी झालेली नाही." बिशपनी आईच्या ओठाकडे पाहिलं, फादरांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. "पुढच्या वर्षी बघू." अख्ख्या रांगेत एकटीला अख्खं पुस्तक येत होतं, आणि तयारी तिचीच झालेली नव्हती!

बाहेर पायरीवर सुतार बायकोजवळ आला. आवाज तसाच हळू. "घरी चल. मग बघतो."

मावशी मधे आली. "घरी नाही, भाऊजी. आज दोघी माझ्याकडे जेवायला."

ते जेवण अजून चाललंय.

मी आता मावशीच्या खोलीत असते, इस्त्रीच्या दुकानावर. खालून कोळशाची ऊब येते, माझी पानं कधी नव्हे ती कोरडी राहतात. आई दुकानात घड्या घालते. मधे एकदा फादर आणि छडीबाई समजूत काढायला आले होते. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच," बाई म्हणाल्या. "भांडी आमच्याकडेही आहेत," मावशी म्हणाली, "इथे कोणाचा ओठ फुटत नाही." मग आईने मला त्या पानावर उघडून दोघांसमोर ठेवलं. "विचारा, बाई. मला येतं आता." बाईंनी विचारलं नाही. चहावर साय धरली, तरी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी कावळी दृढीकरण घेणार का? तिलाच विचारा. हो म्हणाली तर स्वतःच्या तोंडाने म्हणेल, नाही म्हणाली तरी स्वतःच्या तोंडाने. मला छापलं ते त्यासाठीच.

तिने रबर घेऊन माझ्यावरची फुली खोडली. जोर जास्त लागला, कागद तिथे विरून भोक पडलं. दुखलं. पण आता त्यातून पलीकडचं पान दिसतं, मला चालतं.

लोक म्हणतात, जुन्या प्रश्नोत्तऱ्यांनी पोपट केले मुलांचे, बरं झालं बाद झाल्या. अहो, माझ्यात अर्धे प्रश्न होते. ते तुम्ही स्वतःकडे ठेवलेत आणि मुलांना नुसती उत्तरं वाटलीत, आणि नाव माझं? नाही ऐकून घेणार. तुमच्या पोटमाळ्यावर, पेटीत, रद्दीत माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला काढा. पाठ असलेली पानं सोडून द्या. जिथे 'सोडा' लिहिलंय तिथे उघडा, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला ते मोठ्याने वाचू द्या. मधे थांबवू नका.

आणि आमेन म्हणायची घाई करू नका. माझं संपलेलं नाही.